मसालेदार काळी स्ट्राँग बिअर: एका ग्लासाचा पूर्ण हिशेब

आधी आकडा. पुण्या-मुंबईत मायक्रोब्रुअरीत बसून मसालेदार, काळी, स्ट्राँग बिअर नीट चाखायची, सोबत थोडं खायचं आणि टॅक्सीनं घरी यायचं, तर माणशी दीड ते दोन हजार रुपये धरून चला. मेन्यूवर बिअरसमोर तीनशे ते पाचशेच्या दरम्यानचा आकडा दिसेल. बाकीचे पैसे कर, सर्व्हिस चार्ज, पाण्याची बाटली, चकणा आणि परतीचा प्रवास यांत जातात. यातले काही टाळता येत नाहीत. काही मात्र तुम्ही फक्त विचारलं नाही म्हणून जातात.

मागायचं काय? मेन्यूवर ‘स्टाउट’ किंवा ‘पोर्टर’ शोधा आणि त्याखालची बारीक ओळ वाचा. दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ, संत्र्याची साल, कोको, व्हॅनिला, सुकी मिरची यांपैकी काही लिहिलेलं असेल, तर तुम्हाला हवी ती हीच. काळा रंग बघून ती कडक असेल असं समजू नका. रंग भाजलेल्या माल्टमुळे येतो, त्याचा अल्कोहोलशी संबंध नाही. गिनेस काळीभोर असते, पण तिच्यात अल्कोहोल ४.२ टक्के. उलट वाइन शॉपमध्ये ‘स्ट्राँग’ म्हणून मिळणारी साडेसहाशे मिलीची बाटली फिक्या रंगाची असूनही जवळजवळ दुप्पट कडक असू शकते. म्हणून रंग आणि नाव सोडा, टक्केवारी वाचा. मेन्यूवर नसेल तर विचारा. बिअर जिथे बनते तिथल्या माणसाला हा आकडा माहीत असतोच. सांगता येत नसेल, तर तिथे स्ट्राँग बिअर पिऊ नका.

भारतातल्या अन्नसुरक्षा मानकांप्रमाणे ‘स्ट्राँग’ बिअर म्हणजे ५ टक्क्यांच्या वर आणि ८ टक्क्यांपर्यंत. अमेरिकेत किंवा बेल्जियममध्ये याच जातीच्या बिअर १० ते १२ टक्क्यांच्या असतात, त्यामुळे इथे बसून अगदी तोच अनुभव मिळणार नाही. पण सात-आठ टक्क्यांची, मसाला नीट बसलेली स्टाउटही पुरेशी दमदार असते. पहिल्यांदा चाखणाऱ्यानं इथूनच सुरुवात करावी.

कधी आणि कुठे

पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी २००९ मध्ये सुरू झाली. त्यानंतर इंडिपेन्डन्स, एफिंगट, ग्रेट स्टेट अशी नावं आली आणि आज शहरात पर्याय भरपूर आहेत. पण मसालेदार काळी बिअर बाराही महिने नळावर नसते. ती बहुधा थंडीच्या सुमारास, नाताळच्या आगेमागे येते. टाकी संपली की संपली. म्हणून निघण्याआधी फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: आज नळावर आहे का, टक्केवारी किती, आणि छोटा ग्लास मिळतो का. ऑनलाइन मेन्यूवर भरवसा ठेवू नका, तो महिनोन्‌महिने बदललेला नसतो.

वार निवडता येत असेल तर मंगळवार-बुधवार निवडा. शनिवारी काही ठिकाणी प्रवेशासाठी कव्हर चार्ज असतो, जागा मिळत नाही आणि वेटरला तुमच्याशी दोन मिनिटं बोलायला फुरसत नसते. अशा बिअरसाठी त्या दोन मिनिटांचा खरा उपयोग असतो. संध्याकाळी पाच-सहाला गेलात तर जीभही ताजी असते. हॅपी अवर्सच्या आशेनं जाणार असाल तर आधी खात्री करा. ‘एकावर एक’ योजनेत हंगामी आणि स्ट्राँग बिअर बहुतेक वेळा नसतात, आणि असल्या तरी दुसरा ग्लास लगेच समोर येतो, जो तुम्हाला नको असतो.

ड्राय डे तपासा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेले. मतदान संपेपर्यंतचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस बंद. गणपती विसर्जनाला जिल्हाधिकाऱ्यांचा स्थानिक आदेश निघतो. पुण्यात तो आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पाहून घ्या.

कागदपत्रं

वयाचा पुरावा असलेलं एक ओळखपत्र जवळ ठेवा: आधार, वाहन परवाना किंवा पासपोर्ट. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण असावी लागतात. तुम्ही या दोन आकड्यांच्या मधले असाल आणि स्ट्राँग बिअर मागणार असाल, तर टेबलावर बसण्याआधीच विचारून घ्या. ऑर्डर दिल्यावर नकार ऐकण्यापेक्षा ते बरं.

राज्यात मद्यपानासाठी परवाना लागतो. ही अट १९४९ च्या दारूबंदी कायद्यातून आली आहे आणि अजून लागू आहे. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना ५ रुपये, वर्षाचा १०० रुपये, आजीव १,००० रुपये. बिअर यातच येते. परमिट रूममध्ये एक दिवसाचा परवाना बिलात लावला जातो, त्यामुळे ५ रुपयांची ओळ दिसली तर ती लूट नाही. तुम्ही वर्षातून दहा-बारा वेळा जात असाल किंवा घरी बाटल्या ठेवत असाल, तर आजीव परवाना एकदाच काढून ठेवा. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा पुरतो. एजंटाची गरज नाही. शुल्कापेक्षा जास्त पैसे मागणारा माणूस तुमच्यासाठी वेगळं काहीही करत नाही.

पैसे नेमके कुठे जातात

सगळ्यात आधी माप. ‘पाइंट’ हा मेन्यूवरचा सर्वांत फसवा शब्द आहे. आपल्याकडे ३३० मिलीच्या बाटलीला पाइंट म्हणतात. ब्रिटिश पाइंट ५६८ मिलीचा, अमेरिकन ४७३ मिलीचा. एका ठिकाणी ४०० रुपयांत ३३० मिली मिळते, दुसऱ्या ठिकाणी ४५० रुपयांत ५००. दोन्हीकडे मेन्यूवर ‘पाइंट’च लिहिलेलं असू शकतं. मिलीमध्ये आकडा विचारा आणि १०० मिलीला किती पडतात ते काढा. पहिल्या ठिकाणी १२१ रुपये, दुसऱ्या ठिकाणी ९०. तरीही मी म्हणेन, दुसऱ्या ठिकाणचा ग्लास घेऊ नका. या बिअरचा ५०० मिलीचा ग्लास एका माणसासाठी फार होतो. निम्म्यानंतर जीभ थकते आणि उरलेली बिअर गोडसर काढ्यासारखी लागते. कमी मापाचा महागडा ग्लास इथे स्वस्त पडतो, कारण तो शेवटपर्यंत आवडीनं प्यायला जातो.

त्याहून चांगला पर्याय म्हणजे सॅम्पलर. चार-पाच छोटे ग्लास, प्रत्येकी शंभरेक मिली, एका फळीवर येतात. एकूण किंमत एका मोठ्या ग्लासाच्या आसपास किंवा थोडी जास्त. हंगामी बिअर सॅम्पलरमध्ये धरलेली नसेल तर ती घालून द्या म्हणून सांगा. काही ठिकाणी वरचे पन्नास-शंभर रुपये घेतात, ते द्यायला हरकत नाही. त्याच्याही आधी एक घोट चव बघायला मागा. नळावरच्या बिअरचा एक घोट बहुतेक मायक्रोब्रुअऱ्या फुकट देतात. संकोच करू नका.

आता बिल. समजा दोन ग्लास, प्रत्येकी ४०० रुपये, आणि ८०० रुपयांचं खाणं. मद्यावर जीएसटी नसतो, व्हॅट असतो. महाराष्ट्रात परमिट रूमसाठी तो नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला. म्हणजे बिअरवर ८० रुपये. खाण्यावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे ४० रुपये. एकूण १,७२०. इथपर्यंत सगळं रीतसर. मोठ्या तारांकित हॉटेलात बसलात तर दोन्ही कर जास्त असतात, हे लक्षात ठेवूनच जागा निवडा. बिलात बिअर आणि खाणं वेगळं दाखवलेलं आहे ना, ते बघा. एकत्र बेरीज करून सगळ्यावर दोन्ही कर लावलेले दिसले तर बिल दुरुस्त करून मागा.

त्यानंतर येतो सर्व्हिस चार्ज, पाच ते दहा टक्के. आपल्या उदाहरणात दहा टक्क्यांनी १६० रुपये. हा कर नाही आणि सरकारकडे जात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला स्पष्ट सांगितलं की हॉटेलनं तो आपोआप बिलात लावायचा नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ही मार्गदर्शक तत्त्वं उचलून धरली. मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरात ‘सर्व्हिस चार्ज लागू’ असं छापलं म्हणून तो बंधनकारक होत नाही. शांतपणे सांगा, ‘हा काढून द्या.’ बहुतेक ठिकाणी लगेच काढतात. हुज्जत घातली तर बिलाचा फोटो घ्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. वेटरनं मनापासून मदत केली असेल तर तेच पैसे त्याच्या हातात द्या, ते त्याला नक्की मिळतील.

पाणी. तुम्ही बसताच सीलबंद बाटली उघडून ग्लासात ओतली जाते आणि दोन तासांत तीन-चार बाटल्या बिलावर चढतात. बसल्याबरोबर ‘साधं पाणी’ असं स्पष्ट सांगा. या बिअरसोबत पाणी भरपूर लागतं, त्यामुळे हा खर्च लहान नाही. तसंच न मागता आलेला पापड, शेंगदाणे, चिप्सची वाटी. ‘हे फुकट आहे का?’ एवढं विचारून मगच हात लावा. पार्किंगला माणूस गाडी घेऊन जात असेल तर त्याचेही पैसे आधी विचारा.

ग्लास समोर आल्यावर

पहिलं काम, ग्लासाला हात लावून बघा. बर्फात ठेवलेला, बाहेरून दव आलेला ग्लास असेल तर बदलून मागा. बर्फगार बिअरमध्ये मसाला झोपलेला असतो, फक्त कडवटपणा आणि फेस कळतो. काळ्या स्ट्राँग बिअरला १० ते १३ अंश सेल्सिअस तापमान मानवतं, म्हणजे फ्रीजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवल्याइतकं. उभट ग्लासाऐवजी पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता ग्लास असेल तर तो मागा, वास त्यात साठतो. असे ग्लास बारच्या मागे असतात, पण सहसा मागितल्यावरच निघतात.

मग वेळ द्या. पहिल्या मिनिटाला नाकाशी येतो तो भाजलेपणा: कॉफी, करपलेली साखर, थोडी जळकी भाकरी. ग्लास तळव्यात धरून पाचेक मिनिटं बोला, काहीतरी खा. बिअर जरा उबदार झाली की खालून कोको येतो, मग दालचिनी, आणि शेवटी लवंगेचा तो किंचित बधिर करणारा वास. फेस पातळ होऊन कडेला तपकिरी कडं उरतं. या टप्प्याला छोटा घोट घ्या, जिभेवर फिरवा, गिळा आणि नाकानं श्वास सोडा. मसाला खरा असेल तर तो श्वासात रेंगाळतो. मिरची घातलेली असेल तर ती पहिल्या घोटाला कळतही नाही, चौथ्या-पाचव्याला घशाशी हळूहळू जमा होते. ती आवडत नसेल तर तिथेच थांबा, पुढे ती वाढतच जाते.

नकली मसाला ओळखायला एवढं पुरे: ग्लास येताच हातभर अंतरावरून व्हॅनिलाचा किंवा दालचिनीचा वास आला आणि घोट गिळल्यावर मात्र साखरेशिवाय काही उरलं नाही, तर अर्क किंवा सिरप घातलेलं आहे. थेट विचारा, ‘मसाला टाकीत घालता की ग्लासात?’ ग्लासात सिरप घालून दिलेल्या बिअरला हंगामी बिअरचा दर देऊ नका. एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. काही बेल्जियन पद्धतीच्या बिअरमध्ये लवंगेसारखा वास यीस्टमुळेच तयार होतो, त्यात लवंग घातलेली नसते. ती फसवणूक नाही.

बिघडलेली बिअर परत करायचा हक्क तुम्हाला आहे, पण पहिल्या-दुसऱ्या घोटालाच. ओल्या पुठ्ठ्याचा वास, सोया सॉससारखी खारट-शिळी चव, मेन्यूवर तसं लिहिलेलं नसताना येणारा आंबटपणा, पॉपकॉर्नच्या लोण्याचा वास: यांपैकी काही असेल तर सांगा आणि बदलून घ्या. अर्धा ग्लास संपवून तक्रार केलीत तर कुणी ऐकणार नाही.

दूध पचत नसेल तर आधी विचारा. गोडसर, दाट स्टाउटमध्ये लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, घातलेली असू शकते आणि ती मेन्यूवर लिहिलीच जाते असं नाही. शेंगदाणे किंवा सुक्या मेव्याची ॲलर्जी असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय घोटही घेऊ नये. कॉफी घातलेली बिअर रात्री दहानंतर घेतलीत तर झोप जाईल. झोपेच्या, ॲलर्जीच्या किंवा अँटिबायोटिकच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदरपणात अजिबात नको.

सोबत खाणं घ्या, उपाशीपोटी ही बिअर घेऊच नका. पण चकण्यात तिखट टाळा. मिरची आणि अल्कोहोल एकत्र आले की जळजळ वाढते आणि बिअरमधला मसाला कळेनासा होतो. खारे शेंगदाणे, चीज, भाजलेलं मटण, काळं चॉकलेट हे सगळं जमतं. खाणं बिअरच्या आधी मागवा, कारण स्वयंपाकघरातून यायला वीस मिनिटं लागतात आणि तेवढ्यात ग्लास संपलेला असतो.

किती प्यायची, आणि घरी कसं जायचं

हा हिशेब लिहून ठेवा. ८ टक्क्यांच्या ३३० मिली ग्लासात २६ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण १३ मिली. म्हणजे एक ग्लास म्हणजे दोन छोटे पेग. ५०० मिलीचा ग्लास तीन पेगांच्या वर जातो. ‘बिअरच तर आहे’ म्हणत दोन मोठे ग्लास संपवणारा माणूस सहा पेग घेऊन उठतो, आणि गोडव्यामुळे त्याला ते कळलेलं नसतं. एक छोटा ग्लास, तासभर वेळ, बरोबरीनं पाणी. हौस असेल तर सॅम्पलरनंतर एक छोटा ग्लास. त्यापुढे नको.

गाडी घरी ठेवूनच निघा. रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि अशा बिअरच्या एका ग्लासानंतरही ती ओलांडली जाऊ शकते. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर १५,००० रुपये दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुचाकीलाही हेच लागू. ‘लिंबू चोखलं, कॉफी प्यायली, आता ठीक आहे’ यातलं काहीही रक्तातलं अल्कोहोल कमी करत नाही. टॅक्सीचे तीनशे-चारशे रुपये बजेटमध्ये आधीच धरा. शनिवारी मध्यरात्री भाडं चढतं, म्हणून साडेदहाच्या आत उठा. गाडी नेलीच असेल तर ड्रायव्हर मागवा. घरी नेण्यासाठी ग्राउलर, म्हणजे नळावरची बिअर भरून दिलेली मोठी बाटली, मिळत असेल तर बाटलीची अनामत किती आणि परत केल्यावर पैसे मिळतात का, ते विचारा. उघडली नाही तरी तीन दिवसांत संपवा, आणि पूर्णवेळ फ्रीजमध्ये ठेवा.

परदेशी जाणार असाल तर

दहा टक्क्यांची किंवा त्यावरची खरी बिअर चाखायची असेल तर बेल्जियम. नोव्हेंबर ते जानेवारी तिथल्या ब्रुअऱ्या नाताळची खास बिअर काढतात: गौडन कारोलस ख्रिसमस १०.५ टक्के, सेंट बर्नार्डस ख्रिसमस १०, डेलिरियम नोएल १०, द डोले ब्रुअरीची स्टिले नाख्त १२. अँटवर्प प्रांतातल्या एसेन गावी डिसेंबरात फक्त नाताळच्या बिअरचा उत्सव भरतो, रेल्वेनं जाता येतं. तिथेही छोटं माप घ्या. १२ टक्क्यांची ३३० मिली बाटली म्हणजे तीन छोटे पेग. कॅफेपेक्षा सुपरमार्केटमध्ये तीच बाटली जवळजवळ निम्म्या किमतीत मिळते. रिकामी बाटली जपा, तिची अनामत परत मिळते.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांनी स्टोन ब्रुअरीची झोकोवेझा शोधावी: कोको, कॉफी, मिरची, व्हॅनिला, दालचिनी, जायफळ, ८.१ टक्के. हीही हंगामी. पाहुणे म्हणून गेलेल्या आईवडिलांना बारमध्ये न्याल तेव्हा पासपोर्ट सोबत ठेवा. केस पांढरे असले तरी ओळखपत्र मागतात आणि भारतीय वाहन परवाना सगळीकडे चालत नाही. मेन्यूवरच्या दरात विक्रीकर आणि टिप धरलेली नसते. एकूण पंचवीस-तीस टक्के वर जातील असं समजा.

गोव्यात प्यायला परवाना लागत नाही, वय २१ हवं. पण तिथली बाटली विनापरवाना महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे. ‘एक-दोन चालतात’ असं दुकानदार म्हणेल, सीमेवर तपासणी मात्र तुमच्या गाडीची होते.

परदेशातून येताना प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. ३३० मिलीच्या सहा बाटल्या म्हणजे १,९८० मिली, बरोबर बसतात. सातवी घेतलीत तर सीमाशुल्क भरायची तयारी ठेवा. दोघं असाल तर बारा. सगळ्या चेक-इन सामानात, प्रत्येक बाटली मोज्यात घालून, कपड्यांच्या मधोमध, वर प्लास्टिकची पिशवी बांधून. केबिन बॅगेत १०० मिलीच्या वरचा द्रव सुरक्षा तपासणीत काढून घेतात. घरी आल्यावर बाटल्या उभ्या ठेवा, उन्हापासून लांब. खिडकीतल्या शोकेसमध्ये नको.